टाकण्याआधी कापून पाहा

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग असा :

‘गेली ३ वर्षे मी घरी केक आणि ब्रेड करते. सुरुवातीला त्यात आनंद होता, आता दर वेळी परीक्षेला बसल्यासारखे वाटते. गेल्या महिन्यात यजमानांच्या वाढदिवसासाठी मी एका संध्याकाळी तीन केक केले. पहिला मधोमध फुगून वर तडकला. दुसऱ्या वेळी ओव्हनचे तापमान १८० अंशांवरून १६० वर आणले, बेकिंग पावडर थोडी कमी घातली, तीनदा दार उघडून पाहिले आणि रेसिपीत दिलेल्या वेळेला केक बाहेर काढला. तो थंड होता होता मध्ये खचला. दोन्ही केक मी न कापताच कचऱ्यात टाकले. तिसरा बरा झाला, पण क्रीमच्या कडा सरळ येईपर्यंत रात्रीचा दीड वाजला, आणि दुसऱ्या दिवशी केक वाढताना मी प्रत्येकाला त्यातल्या उणिवाच सांगत होते. माझ्या ८ वर्षांच्या मुलीने खचलेल्या केकचा तुकडा मागितला होता. “तो बिघडलाय, खायचा नाही,” असे मी तिला म्हणाले. चार दिवसांनी तिने स्वतः काढलेले चित्र फाडले आणि तेच शब्द उच्चारले. आता तीन आठवड्यांनी तिचा वाढदिवस आहे. बेकिंग हे शास्त्र आहे, त्यात एका ग्रॅमचीही चूक चालत नाही, असे मी सगळीकडे वाचते. मग परिपूर्णतेचा हट्ट सोडायचा म्हणजे नेमके काय करायचे? की बेकिंगच सोडावे?’

सप्रेम नमस्कार.

बेकिंग सोडावे असे कोणतेही कारण मला तुमच्या पत्रात दिसले नाही, हे आधी सांगून टाकते. पत्र वाचताना मी एका ठिकाणी थबकले, आणि ते ठिकाण तडकलेल्या केकचे नव्हते की रात्रीच्या जागरणाचेही नव्हते. ‘न कापताच’ हा तुमचा शब्द मला खटकला. एका संध्याकाळी दोन केक बिघडणे ही त्रासाची गोष्ट खरीच. पण बिघडलेल्या केकमध्ये काय बिघडले ते त्याच्या आतच लिहिलेले असते, आणि तुम्ही ते न वाचता डब्याचे झाकण लावलेत. तीन वर्षांत असे किती केक गेले असतील, हे तुम्हीच आठवून पाहा.

‘एका ग्रॅमचीही चूक चालत नाही’ या वाक्याचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तुमचा हट्ट त्याच्याच आधारावर उभा आहे. ते अर्धे खरे आहे. मैदा कपाने मोजला, तर चमच्याने हलकेच भरलेल्या कपात तो साधारण १२० ग्रॅम मावतो आणि तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या केकमध्ये हा फरक ९० ग्रॅमांचा होतो आणि केक कोरडाठाक पडतो. बेकिंग सोड्याची ताकद बेकिंग पावडरच्या साधारण तिप्पट ते चौपट असते, त्यामुळे पावडरच्या जागी तेवढाच सोडा पडला, तर केकला साबणासारखी चव येते. अशा ठिकाणी नेमकेपणा हवाच, आणि तो मिळवण्याचा सोपा उपाय म्हणजे साधा डिजिटल वजनकाटा.

पण वाक्याचा उरलेला अर्धा भाग पाहा. कवच काढलेले अंडे ४५ ग्रॅमचे असू शकते आणि ६० ग्रॅमचेही. चार अंड्यांच्या केकमध्ये ही तफावत ६० ग्रॅमांपर्यंत जाते, आणि तरीही रेसिपी लिहिणारे निर्धास्तपणे ‘४ अंडी’ एवढेच लिहून मोकळे होतात. घरगुती ओव्हनचे तापमान एका आकड्यावर कधीच स्थिर राहत नाही. आतली कॉइल चालू-बंद होत राहते आणि तापमान त्या आकड्याच्या वर-खाली झुलत राहते. शिवाय बटणावरचा आकडा आणि आतली प्रत्यक्ष उष्णता यांच्यात १० ते २० अंशांचे अंतर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. दमट हवेत मैदा ओलावा ओढून घेतो आणि कोरड्या हवेत तो सोडतो. म्हणजे ज्या अंड्यांनी आणि ज्या ओव्हनने तुम्ही निर्दोष केक करू पाहता, ती अंडी आणि तो ओव्हनच तेवढा नेमका नाही. चांगल्या रेसिपीत ही सैलाई आधीच धरलेली असते. तुम्ही रेसिपीपेक्षाही कडक होऊन बसला आहात.

आता त्या दोन केकांकडे येऊ. ते माझ्यासमोर नाहीत, तरी तुम्ही इतके बारकाईने लिहिले आहे की पुष्कळसे उमगते.

पहिला केक तडकला याचा अर्थ बहुधा एवढाच की ओव्हन जरा जास्त तापलेला होता. साच्याच्या धातूला लागून असलेले मिश्रण आधी तापते आणि घट्ट होते, वरचा पापुद्राही धरू लागतो, आणि मधले मिश्रण मात्र अजून पातळ असते व फुगतच राहते. त्याला वर जायला वाट नसते, म्हणून ते पापुद्रा फोडून बाहेर येते. चवीशी आणि मऊपणाशी या भेगेचा फारसा संबंध नाही. लांबट साच्यात भाजलेल्या केकवर तर मधोमध भेग पडणे अपेक्षितच असते. काही जण ती सरळ रेषेत यावी म्हणून मिश्रणावर आधीच सुरीने किंवा लोण्याच्या बारीक धारेने रेघ ओढून ठेवतात. गोल केकवर आली की तीच भेग आपल्याला दोष वाटते. क्रीम लावायचा केक असेल, तर फुगीर भाग दातेरी सुरीने आडवा कापून काढतात आणि केक उलटा ठेवतात. साच्याच्या तळाला लागलेली बाजू सपाट असतेच, ती वर येते. हे काम पाच मिनिटांचे आहे. (कापून काढलेला तो टोपीसारखा तुकडा हा करणाऱ्याचा हक्काचा खाऊ असतो, असे मी मानते, आणि या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.)

दुसऱ्या केकची गोष्ट अधिक बोलकी आहे. पहिल्या भेगेची धास्ती घेऊन तुम्ही एका दमात तीन गोष्टी बदलल्या : तापमान, बेकिंग पावडर आणि दार उघडण्याची संख्या. वेळ मात्र तीच ठेवली. तापमान २० अंशांनी उतरवले, तर भाजण्याची वेळ वाढवावी लागते. ती न वाढवल्यामुळे मधला भाग कच्चा राहिला असणार. केकचा आकार टिकतो तो अंड्यातली प्रथिने आणि मैद्यातला स्टार्च उष्णतेने घट्ट झाल्यामुळे. त्याआधी केक बाहेर काढला, तर आतली वाफ आणि वायू थंड होऊन आकसतात आणि तोलून धरणारे काहीच नसल्यामुळे मधला भाग खाली बसतो. दार उघडण्याला जितके बोल लावले जातात, तितके मी लावणार नाही. केक जवळजवळ झाल्यावर दार उघडले तर काही बिघडत नाही, पण सुरुवातीच्या काळात तीन वेळा उघडले तर आधीच कमी असलेली उष्णता आणखी निघून जाते. थोडक्यात, दुसरा केक खचला तो निष्काळजीपणामुळे नव्हे. पहिल्यासारखे काही होऊ नये या धडपडीनेच तो खचवला.

तो केक कापला असता, तर हे सगळे तुम्हाला माझ्याशिवाय कळले असते. मधोमध ओलसर, चिकट, गडद थर दिसला, तर केक कच्चा राहिला. भोके मोठी, जाळी ठिसूळ आणि जिभेवर सोड्याची चव आली, तर फुगवणारा पदार्थ जास्त पडला. असा केक आधी खूप फुगतो आणि मग स्वतःच्याच भाराने बसतो. खालून वर गेलेले लांबट बोगदे आणि चिवट पोत दिसला, तर मैदा घातल्यावर मिश्रण फार वेळ घोटले गेले आणि त्यात ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचे चिवट जाळे, तयार झाले. सगळीकडे सारखी जाळी आहे पण घास घशात अडकतो, तर मैदा जास्त पडला किंवा केक दहा मिनिटे उशिरा निघाला. ब्रेडचेही असेच असते : कापलेल्या कापाला सुरी चिकटते की कवच जाड झाले आहे की जाळी फक्त वरच्याच बाजूला मोठी आहे, यावरून कणीक फुगायला दिलेला वेळ आणि भट्टीची उष्णता यांचा अंदाज येतो. हे ज्ञान फोटोतून मिळत नाही. ते सुरीने कापून आणि तोंडात घालूनच मिळते, आणि जमलेल्या केकपेक्षा बिघडलेल्या केकातून अधिक मिळते, कारण जमलेला केक का जमला हे तो सांगत नाही.

म्हणून माझी पहिली विनंती : यापुढे कोणताही केक न कापता आणि न चाखता टाकू नका. जळून कडू झालेला असेल, साखरेच्या जागी मीठ पडले असेल, खवट लोणी वापरले गेले असेल, तर चाखून झाल्यावर खुशाल टाका. कच्च्या राहिलेल्या केकचा कडेचा शिजलेला भाग खा, मधला काढून टाका. बाकी जवळजवळ सगळ्याला उपाय असतो. कोरड्या केकवर समान वजनाची साखर आणि पाणी उकळून केलेला पाक थंड करून ब्रशने लावला की तो सावरतो. नीट शिजलेला पण खचलेला केक क्रीम आणि फळांसाठी आयताच खळगा देतो. फाटलेले गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण) चमचाभर कोमट दूध घालून मध्यापासून घोटायला घेतले, तर बहुतेक वेळा पुन्हा एकजीव होते. बटरक्रीम दाणेदार दिसू लागले, तर बरेचदा लोणी फार थंड असते, एवढेच. भांड्याला जरा ऊब द्या आणि फेटत राहा. अगदीच तुकडे झाले, तर काचेच्या पेल्यांत क्रीम आणि फळांबरोबर थर लावा.

दुसरी विनंती तुम्हाला अधिक अवघड जाईल. केक वाढताना त्याच्या उणिवा सांगू नका.

मी स्वतः या बाबतीत पोळले आहे. एका मैत्रिणीकडे चॉकलेट केक घेऊन गेले होते आणि डबा उघडण्याआधीच मी जाहीर केले की तो कोरडा झाला आहे. मग सगळ्यांनी पहिला घास घेताना कोरडेपणाच शोधला, आणि एका गृहस्थांनी सहानुभूतीने पाणीही मागवले. घरी आल्यावर उरलेला तुकडा मी निवांत खाल्ला. तो उत्तम होता. चार तास लोणी, साखर आणि व्हॅनिलाच्या वासात उभे राहिल्यावर आपले नाक त्या वासाला सरावते आणि चव बोथट होते. अशा वेळी स्वतःच्या केकचा निकाल देणारी व्यक्ती ही त्या घरातली सर्वांत अविश्वसनीय परीक्षक असते, हे मला त्या दिवशी पटले.

आपल्या चुका इतरांना किती दिसतात याचा आपला अंदाज तसाही फुगलेलाच असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर प्रयोग केले, ते २००० मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना त्यांना लाजिरवाणे वाटेल असे एका गायकाचे चित्र असलेला शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले, आणि नंतर विचारले की किती जणांना शर्टवर कोण आहे हे कळले असेल. त्यांना वाटले, साधारण निम्म्या लोकांना. प्रत्यक्षात ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनाच कळले होते. तुमच्या क्रीमच्या कडेचेही तसेच आहे, फरक इतकाच की त्या विद्यार्थ्यांनी खोलीत शिरताना ‘माझ्या शर्टाकडे बघा’ अशी हाक दिली नव्हती. तुम्ही देता.

मोबाइलवर दिसणाऱ्या केकांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्हालाही ते ठाऊक आहे. तिथला केक एका बाजूने, एका क्षणी, खिडकीजवळच्या उजेडात दिसतो. त्याची मागची बाजू आणि त्याची चव कोणालाच दिसत नाही. घरी केक विकणाऱ्या व्यक्तीला दिसण्याची काळजी घ्यावी लागते, पण तुम्ही विकत नाही, त्यामुळे तो प्रश्न बाजूला ठेवू.

मुलीबद्दल मात्र थोडे थांबून लिहिते. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाची तीन रूपे वेगळी केली : स्वतःकडून निर्दोषपणाची मागणी करणे, इतरांकडून ती करणे, आणि इतर लोक आपल्याकडून तशी मागणी करतात असे मानणे. तुमच्या पत्रात यजमानांनी किंवा आणखी कोणी केकबद्दल एक अक्षरही तक्रार केल्याचा उल्लेख नाही, तरी रात्री दीड वाजता तुम्ही कोणाच्या तरी नजरेसाठी कडा सरळ करत होतात. म्हणजे तुमच्यात पहिल्या रूपाबरोबर तिसरेही आहे. मुलीकडून तुम्ही काही मागितलेले नाही, हे मी मान्य करते. तिने फक्त पाहिले की या घरात बिघडलेल्या वस्तूची जागा कचऱ्यात असते आणि ती चाखायलाही मिळत नाही. तिने चित्राला तोच नियम लावला. तिला बसवून ‘चुका झाल्या तरी चालतात’ असे समजावण्याचा उपयोग होईल असे मला वाटत नाही. मुले असली वाक्ये ऐकून घेतात आणि आपले हात काय करतात ते बघतात. पुढचा खचलेला केक तिच्यासमोर कापा, आत काय झाले असेल ते तिलाच विचारा आणि दोघी मिळून त्यावर क्रीम घालून खा. (हा हट्ट बेकिंगपुरता नसून कामात, झोपेत, नात्यांत सगळीकडे त्रास देत असेल, तर समुपदेशकाशी बोलायला संकोच करू नका. हे काही कमीपणाचे नाही.)

आता तुमचा मूळ प्रश्न : हट्ट सोडायचा म्हणजे नेमके काय करायचे? काटेकोरपणा सोडू नका, त्याची जागा बदला. सध्या तो सगळा शेवटी, कडांवर आणि सजावटीवर खर्च होतो, जिथे त्याचा खाणाऱ्याला काही उपयोग नाही. तो सुरुवातीला आणा. घटक वजनाने मोजा. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या आणि आपला ओव्हन किती खोटे बोलतो ते एकदा तपासा. लोणी आणि साखर फेटताना लोणी १८ ते २० अंशांच्या आसपास असू द्या, म्हणजे बोट दाबले की खळगा पडेल पण लोणी तुपकट चमकणार नाही. केक झाला की नाही हे घड्याळावरून ठरवू नका : मध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली, बोटाने दाबलेला भाग परत वर आला आणि कडा साच्यापासून सुटू लागल्या की तो झाला. एवढे नीट केले की केक चवीला बहुधा चांगलाच होतो. सजावटीसाठी मात्र वेळ आधीच ठरवा, अर्धा तास म्हणजे अर्धा तास, आणि तो संपला की क्रीम पसरवायची सुरी (पॅलेट नाइफ) धुवून टाका. धुतलेली सुरी पुन्हा हातात घ्यायला माणूस कंटाळतो. मी हा उपाय स्वतःवर करते.

आणखी एक. पुढचे काही महिने एकच साधी रेसिपी पुनःपुन्हा करा आणि दर वेळी एकच गोष्ट बदला. तापमान बदलले, तर बाकी काही हलवू नका. एका वहीत दोन ओळी लिहा : काय बदलले, आणि कापल्यावर आत काय दिसले. वहीत ‘छान’ किंवा ‘वाईट’ असे शेरे लिहायचे नाहीत.

राहिला वाढदिवस. तीन आठवडे भरपूर झाले. एक मजली केक ठरवा, मधल्या एखाद्या रविवारी तोच एकदा करून पाहा आणि तो कसाही झाला तरी घरात संपवा. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी केक भाजा, जाळीवर पूर्ण थंड होऊ द्या आणि घट्ट गुंडाळून ठेवा. कोमट केकवर क्रीम वितळते आणि निम्मे जागरण तिथेच होते. दुसऱ्या दिवशी त्यावर आधी क्रीमचा पातळ थर फिरवून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सुटे कण त्यातच अडकतात आणि वरचा थर सहज बसतो. वरची सजावट पूर्णपणे मुलीकडे द्या, आणि तिने ठेवलेली कोणतीही गोष्ट नंतर गुपचूप सरळ करू नका. तिच्या ते लगेच लक्षात येईल. साच्याला लोणी लावणे, मैदा चाळणे, अंडी फोडणे ही कामेही तिला जमण्यासारखी आहेत. अंडी आधी वेगळ्या वाटीत फोडू द्या. कवचाचा तुकडा आत पडला, तर बोटाने काढायला जाऊ नका, तो निसटत राहतो. अर्ध्या कवचाच्या धारदार कडेने तो झटकन निघतो, हे तिला एकदा दाखवा आणि पुढचे अंडे तिच्या हातात द्या.